डाव्या घोट्याची चित्रं

ते फूल बाहेरच जात होतं, हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण क्लेमसाहेबांचा सगळा मान त्या एका मुद्द्यावर अडलेला आहे. सोडून दिलं असतं तरी गुण मिळालाच असता आणि घोटाही वाचला असता. पण विमा कंपनीच्या वार्षिक क्रीडास्पर्धा, बॅडमिंटन दुहेरी, गट पन्नाशीच्या पुढचा, समोर हिशेब खात्याची जोडी आणि कडेला खुर्च्या टाकून बसलेलं अख्खं ऑफिस. अशा वेळी माणूस फूल सोडून देत नाही. साहेबांनी उडी मारली. उडी बरी होती, असं बघणारे अजून सांगतात. उतरणं मात्र जोडीदाराच्या बुटावर झालं. डावा पाय आतल्या बाजूला मुडपला आणि साहेब जे खाली बसले ते दोघांनी बखोटीला धरून उचलेपर्यंत उठले नाहीत. फूल रॅकेटला न लागता रेषेच्या चांगलं वीतभर बाहेर पडलं होतं. बसल्या बसल्या त्यांनी ते पंचांना दाखवलं, गुण पदरात पाडून घेतला आणि मगच विव्हळले.

क्लेमसाहेब हे नाव ऑफिसने ठेवलेलं. पुढे ते इमारतीतही रुळलं. लोकांनी आजारपणाची बिलं पाठवायची आणि साहेबांनी त्यातली कुठली तपासणी उगाच केली ते हुडकून काढायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ‘तपासणी अनावश्यक’ हा त्यांचा शेरा आणि खाली तिरपी सही. डोकं दुखलं म्हणून स्कॅन, कंबर धरली म्हणून एमआरआय, असली थेरं त्यांच्या टेबलावरून कधी पुढे सरकली नाहीत. अशा माणसाने पुढे स्वतःच्या पायासाठी काय काय केलं, ते ऐकून तुम्ही हसाल. हसा, पण जरा बेतानं हसा.

साहेबांना एकुलती एक लेक. ती फार लांबच्या देशात एका मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे, स्कॅन वाचण्याचं काम करणारी डॉक्टर. इथे संध्याकाळ झाली की तिथे तिची जेवायची सुट्टी. फोन यायचा तो आईला. मायलेकी भाजीपासून सुरुवात करायच्या आणि नात्यातल्या सगळ्या लग्नांना जाऊन परत यायच्या. साहेब शेजारच्या खुर्चीत पेपर धरून बसलेले. पेपरचं पान काही उलटायचं नाही. शेवटी साहेबांच्या बाई म्हणायच्या, “थांब हं, बाबांना देते.” मग साहेब घसा साफ करून विचारायचे, बरी आहेस ना. ती म्हणायची हो, तुम्ही? ते म्हणायचे हो. मग दोघं थोडा वेळ थांबायचे, आणि ती म्हणायची, ठेवू? पोरगी घरात होती तेव्हा साहेबांचं आणि तिचं बोलणं कधी अडलं नव्हतं. आता समुद्रापलीकडून काय बोलायचं ते दोघांनाही सुचत नसे. यंदा तिची रजा दोनदा ठरली आणि दोनदा रद्द झाली. दोन्ही वेळा साहेब म्हणाले, “हो हो, काम आधी.” आणि बाल्कनीत जाऊन उगाच कुंड्या इकडच्या तिकडे करत राहिले.

त्यामुळे घोटा सुजला त्या संध्याकाळी लेकीने फोनवर आपणहून त्यांनाच मागितलं, तेव्हा साहेबांना दुखणं जरा गोडच वाटलं. सामन्याची हकिकत त्यांनी मनात जुळवून ठेवली होती. फूल बाहेर जात होतं इथपासून. पण लेक डॉक्टर निघाली. चार पावलं टाकता येतात का? येतात. घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबा, दुखतं? नाही. आतल्या बाजूला? नाही. करंगळीच्या मागे, पायाच्या कडेला हाड लागतं तिथे? नाही. आतल्या बाजूला, कमानीच्या वर? नाही. मग दुखतं कुठे? बाहेरच्या हाडाच्या जरा पुढे, खालच्या अंगाला. मग मुरगळलाय, ती म्हणाली, हाडाला काही झालेलं नाही, एक्स-रे नको. बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उशीवर ठेवा, ठणका कमी झाला की हळूहळू चालायला लागा. ठेवू? बाईंनी फ्रीजमधून बर्फ काढून आणेपर्यंत फोन संपला होता. थोडक्यात, लेकीने बापाच्या पायावर बापाचाच शेरा मारला होता.

इथे मास्तर आले. मास्तर म्हणजे वरच्या मजल्यावरचे निवृत्त भूगोल शिक्षक. इमारतीत कुणाला शिंक आली तरी मास्तरांना आधी कळते. ते आले, पाय न बघताच त्यांनी मान हलवली आणि खुर्ची ओढून बसले. हाड आतून मोडतं, वरून दाबून काय कळणार, हा त्यांचा सिद्धांत. त्यांच्या मेव्हण्याचा पाय असाच मुरगळला म्हणून सोडून दिला, तर पुढे त्याला वाकडा चालायची वेळ आली. हा मेव्हणा इमारतीत कधी कुणी पाहिला नव्हता, पण त्याला झाला नाही असा आजार नव्हता. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी रिक्षा बोलावली आणि साहेबांना एक्स-रे काढायला नेलं. साहेब गेले ते मास्तरांचं तोंड बंद व्हावं म्हणून. ते काही बंद झालं नाही.

घरी आल्यावर मास्तरांनी फिल्म खिडकीसमोर धरली. भूगोलाचा माणूस, नकाशे वाचायची सवय. त्यांनी बोट फिरवत फिरवत घोट्याच्या मागच्या बाजूला एक वाटाण्याएवढा गोल ठिपका शोधून काढला आणि गंभीर आवाजात जाहीर केलं की तुकडा उडालाय. संध्याकाळपर्यंत ही बातमी तळमजल्यापर्यंत गेली. माणसं भेटायला येऊ लागली. येणारा प्रत्येक जण फिल्म हातात घ्यायचा, ठिपका बघायचा, साहेबांकडे बघायचा आणि आवाज खाली आणून बाईंना विचारायचा की आता ऑपरेशन का. एकाने तर फिल्म उलटी धरली होती, तरी त्याला तुकडा दिसला. साहेबांनी गुपचूप फिल्मवरच्या तिन्ही चित्रांचे फोटो काढले आणि लेकीला पाठवून दिले.

फोन लगेच वाजला, आणि आईच्या नव्हे, त्यांच्या फोनवर. पुढे जे झालं ते साहेबांच्या घरात कित्येक दिवसांत झालं नव्हतं. लेक बोलायला लागली आणि बोलतच राहिली. तो तुकडा नाही, ती म्हणाली, ते जास्तीचं हाड आहे, काही माणसांना जन्मापासून असतं, त्याच्या कडा बघा कशा गुळगुळीत आहेत, मोडलेल्या हाडाची कड खरखरीत असते. मग नडगीचं हाड, त्याच्या शेजारचं बारीक हाड, त्या दोघांच्या खाचेत बसलेलं घोट्याचं हाड, भोवतीची काळी फट सगळीकडे सारखी आहे म्हणजे सांधा जागेवर आहे. एकच पाय समोरून, बाजूने आणि जरा फिरवून असा तीनदा का काढतात तेही तिने सांगितलं. मध्येच तिला शिकत असतानाची परीक्षा आठवली. तेव्हा तिने बापाच्या पायावर बॉलपेनने हाडांची नावं लिहिली होती आणि साहेब ती तशीच मोज्यात घालून ऑफिसला गेले होते. ते आठवून ती खळखळून हसली. साहेबांना तिच्या बोलण्यातलं निम्मं कळलं नाही, पण त्यांनी फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान लाल झाला. आमटी दोनदा गरम करून बाईंनी शेवटी एकटीने जेवून घेतलं.

त्या रात्री साहेबांना शांत झोप लागली, आणि सकाळी चहा पिताना एक विचार डोक्यात आला. विचार म्हटलं तर वाईट नव्हता. विमा कंपनीत जन्म काढलेल्या माणसाच्या डोक्यात तो यायला नको होता, एवढंच.

तीन चित्रांवर पोरगी इतकी बोलली, तर आणखी चित्रं निघाली तर?

पहिला नंबर सोनोग्राफीचा लागला. तिथल्या डॉक्टरांनी गार जेल लावून यंत्र घोट्यावर फिरवलं, पाय इकडे वाकवून तिकडे वाकवून पडद्यावर बघितलं आणि दोन ओळी लिहून दिल्या. साहेबांनी चित्रं पाठवली आणि फोन समोर ठेवून बसले. लेकीचा फोन आला, पण घाईत. सोनोग्राफी बघणाऱ्याने हातात यंत्र धरून बघायची असते, ती म्हणाली, पाय हलवताना काय दिसतं ते महत्त्वाचं, थांबलेल्या चित्रावरून मी काय सांगणार? हाडांना बांधून ठेवणारा जो पट्टा असतो, लिगामेंट, तो थोडा ताणलाय, तुटला नाही, असं त्यांनी लिहिलंय ना, मग तसंच असणार. आणि ठेवते हं, केस आली. मुरगळलेल्या पायाला सोनोग्राफी चांगली की वाईट यावर डॉक्टरांमध्ये काय मतं आहेत कोण जाणे, पण आपल्याला ती उपयोगाची नाही, असा निष्कर्ष साहेबांनी काढला.

सीटी स्कॅनचाही विचार झाला. पण त्यात किरणं फार लागतात आणि लेक रागावली असती. रागावली तरी बोललीच असती, हा मुद्दा साहेबांनी दोन दिवस घोळवला आणि मग सोडून दिला. तेवढ्यात मास्तरांनी माहिती पुरवली की मेव्हण्याच्या एमआरआयमध्ये शेकड्यांनी चित्रं निघाली होती, बघता बघता डॉक्टर थकले. शेकड्यांनी, असं साहेब मनाशी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते बघून मास्तरांना वाटलं की आपला सल्ला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मनापासून घेतला.

या गडबडीत एक अडचण झाली होती. पाय बरा झाला होता. सूज उतरली, जिना चढता येऊ लागला, एक दिवस बस सुटताना साहेब चक्क पळाले. मग आठवण होऊन थांबले आणि लंगडत लंगडत बसपर्यंत गेले, तोवर बस गेली. इमारतीत ते नेमाने लंगडत. बाई फार बोलणाऱ्या नव्हत्या, पण एकदा बाजारातून येताना त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेत एवढंच म्हटलं की अहो, आज पाय बदललात.

एमआरआय म्हणजे चिठ्ठी हवी. साहेब हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तरुण होते आणि हसतमुख होते. त्यांनी विचारलं, एका पायावर उभं राहता येईल? आता पन्नाशीच्या पुढच्या माणसाला असं कुणी विचारलं तर तो काय करील? साहेब उभे राहिले. उडी मारता येईल? साहेबांनी नुसती उडी नाही मारली, त्याच पायावर दाराजवळच्या वजनकाट्यापर्यंत जाऊन परत आले. डॉक्टर खूश झाले, त्यांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले की एमआरआयची काही गरज नाही, दीड-दोन महिने होऊनही पाय लचकत राहिला, सांध्यात खोल दुखत राहिलं तर बघू, तुमचा पाय तर पोरांसारखा आहे. दुसरा कुठलाही दिवस असता तर हे वाक्य साहेबांनी ऑफिसभर सांगितलं असतं. त्या दिवशी ते पायऱ्या उतरताना स्वतःलाच शिव्या घालत होते.

राहता राहिले घरचे डॉक्टर. दवाखान्यात ही गर्दी, बाकावर खोकणारी माणसं, बाहेर चपलांचा ढीग. डॉक्टरांना साहेबांची चिकाटी जुनी माहीत होती. वाद घालण्यापेक्षा लिहून दिलेलं बरं, असा विचार करून त्यांनी मान वर न करता कागद ओढला आणि विचारलं, कुठला पाय? चिठ्ठी मिळतेय या आनंदात साहेब ठणकावून म्हणाले, उजवा. डॉक्टरांनी लिहिलं, सही केली, पुढचा.

मग ऑफिस. एमआरआयला कंपनीची मंजुरी आधी लागते, आणि साहेबांनी रीतसर अर्ज केला, कारण नियम तो नियम. स्वतःच्या प्रकरणावर स्वतः बसता येत नाही म्हणून कागद शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे गेला. या बाईंना काम साहेबांनीच शिकवलेलं. कुठे बोट ठेवायचं, कुठली ओळ दोनदा वाचायची, सगळं. दुपारी कागद परत आला. ‘तपासणी अनावश्यक.’ खाली सही, तीही तिरपी. साहेबांनी तो शेरा दोनदा वाचला. अपमान तर झालाच होता, पण त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं की शेरा चोख आहे, आपणही हाच मारला असता. या निर्णयावर अपील करायची सोय होती. अपील ऐकणारे अधिकारी साहेबच होते, आणि अपिलाला तो नियम लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यांनी प्रकरण सगळ्या बाजूंनी तपासलं आणि स्वतःचं अपील फेटाळलं. मग सुट्टी टाकून पदरमोड करून एमआरआयला गेले.

तिथे त्यांचं घड्याळ घेतलं, पट्टा घेतला, किल्ल्या घेतल्या, मागून बांधायचा एक झगा दिला. झगा मागून नीट बांधता येईना, तेव्हा साहेब भिंतीला पाठ लावून कडेकडेने यंत्रापर्यंत गेले. चिठ्ठीप्रमाणे पाय एका साच्यात घट्ट बसवला, कानांवर जाड हेडफोन चढवले आणि हलायचं नाही अशी तंबी मिळाली. मग ठोकाठोक सुरू झाली. दुसरा कुणी घाबरला असता. साहेब मात्र निवांत पडून होते. ठक ठक झालं की त्यांना वाटे, आणखी एक चित्र निघालं. यातलं प्रत्येक चित्र ती उघडेल. हे काय, ते काय, असं आपण विचारायचं. एकदम सगळी पाठवायची नाहीत, थोडी थोडी पाठवायची, म्हणजे पुरतील. रजा रद्द झाली तरी काही हरकत नाही, असं ते स्वतःला सांगत होते. डोळे पुसायला हात वर केला तर काचेमागून आवाज आला, काका, हलू नका.

चित्रं मिळाली ती सीडीच्या तबकडीवर. घरात तबकडी गिळणारं यंत्र नव्हतं, मास्तरांकडे नव्हतं, इमारतीत कुणाकडेच नव्हतं. शेवटी ऑफिसातल्या अडगळीच्या खोलीत एक जुना संगणक सापडला. त्याने तबकडी घेतली, बराच वेळ घरघर केली आणि साहेबांनी देवाचं नाव घेतल्यावर ती उघडली. चित्रं पाठवण्याचं काम शेजारच्या टेबलावरच्या बाईंनीच करून दिलं. तपासणी अनावश्यक असली तरी माणूस आपला आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. थोडी थोडी पाठवायचा बेत मात्र फसला. सगळी एकदम गेली.

संध्याकाळी साहेबांनी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला. बाईंनी विचारलं कुठे निघालात, तर म्हणाले कुठे नाही. ते खुर्चीत बसले, फोन मांडीवर ठेवला. तो वाजला तेव्हा त्यांनी मुद्दाम दोन रिंग जाऊ दिल्या.

“बाबा,” लेक म्हणाली, “हा उजवा पाय आहे.”

“बरं.”

“मुरगळला होता डावा.”

साहेबांनी खाली बघितलं. दोन्ही पाय चपलांमध्ये शेजारी शेजारी होते आणि दोन्ही उत्तम होते. कुठला कधी दुखत होता ते त्यांना आता खरंच आठवून बघावं लागलं. “डावाच,” ते म्हणाले.

“मग उजव्याचा कशाला काढला? आणि आता काढायचाच कशाला? डावा दुखतोय अजून?”

“नाही. तो कधीच राहिला.”

“मग बाबा, कशासाठी केलंत हे?”

जन्मभर साहेब दुसऱ्यांना हाच प्रश्न विचारत आले होते. मास्तरांवर ढकलता आलं असतं. घरच्या डॉक्टरांवर ढकलता आलं असतं. साहेबांनी सदऱ्याचं बटण उगाच चाचपलं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे बाई ऐकत होत्या.

“त्यात चित्रं जास्त असतात,” ते म्हणाले. “एक्स-रेची तीनच होती, तरी तू त्या दिवशी केवढी बोललीस. मला वाटलं, एवढी असली तर पुष्कळ दिवस पुरतील. तुझी फार आठवण येते गं.”

फोन कटला की काय म्हणून साहेबांनी तो कानापासून काढून बघितला आणि पुन्हा लावला. आता ती रागावणार, असं ते धरूनच चालले होते. डॉक्टर बाई आहे, तिचा वेळ घेतला, तिथे खरे आजारी लोक रांगेत असतात.

“बाबा, ते तीन एक्स-रे बघायला मला अर्धं मिनिट लागलं होतं,” ती म्हणाली.

“मग तेवढा वेळ काय बघत होतीस?”

“काही बघत नव्हते. मी एकेक हाड सांगत होते आणि तुम्ही मधे मधे ‘हं’ म्हणत होता. ते ऐकत होते.”

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी खुणेनंच विचारलं, पानं घेऊ का. साहेबांनी खुणेनंच सांगितलं, झाकून ठेव.

“आज दुपारनंतर मला काम नाही,” लेक म्हणाली. “उजवा तर उजवा. चित्रं पुष्कळ आहेत. पहिल्यापासून सांगू?”

साहेबांनी पाय वर घेऊन खुर्चीत नीट मांडी घातली, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणाले, “हं.”